3,600 रुपये वाचवण्यासाठी 33,000 रुपये पणाला लावावेत का?

कोल्हापूरच्या शाहूपुरीतील घराच्या तळमजल्यावर जुन्या कोब्यावर लॅमिनेटची (लाकडासारखी दिसणाऱ्या पट्ट्यांची) फरशी बसवताना खाली ओलरोधक प्लॅस्टिक घालावे, की कारागिराचे ऐकून तो खर्च टाळावा, असे आपण विचारले आहे. 300 चौरस फुटांना 110 रुपये दराने 33,000 रुपये आणि प्लॅस्टिकचे 12 रुपये दराने 3,600 रुपये, हा खर्च भिशीच्या 45,000 रुपयांतून भागेल, असेही आपण कळवले आहे.

माझे मत स्पष्ट आहे: प्लॅस्टिक घालावे. लॅमिनेटचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा असतो. तो ओलीने फुगला की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही, आणि जमिनीला टेकलेला कोबा वरून कोरडा दिसला तरी त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खालची ओल वर चढत राहते. 3,600 ही रक्कम 33,000 च्या सुमारे 11 टक्के आहे. म्हणजे फरशी खराब होण्याची शक्यता नवातून एक इतकी जरी असली, तरी हा खर्च वसूल होतो. आणि तळमजल्यावर ती मला त्याहून अधिक वाटते. शिवाय खराब झालेली फरशी उखडण्याची मजुरी यात धरलेलीच नाही. कारागीर जो पातळ फोम देऊ म्हणतो, तो पावलांचा आवाज कमी करतो. केवळ त्याच्या भरवशावर ओल अडवता येत नाही. प्लॅस्टिक 200 मायक्रॉनचे घ्यावे, पट्ट्या एकमेकींवर 20 सेंटिमीटर चढवून चिकटवाव्यात आणि कडा भिंतीलगत वर दुमडून स्कर्टिंगमागे घ्याव्यात.

मात्र आगाऊ रक्कम देण्यापूर्वी, शक्यतो पावसाळ्यातच, दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी कोब्यावर चिकटवून किमान 16 तास ठेवावा. चैत्रात कोरडा असलेला कोबा श्रावणात तसाच राहील, असे नाही. प्लॅस्टिकखाली थेंब दिसले किंवा कोबा काळवंडला, तर लॅमिनेटचा विचार सोडून व्हिट्रिफाइड टाइल्सचे दर मागवावेत, कारण खाली अडवलेली ओल भिंतींकडे सरकू शकते.

2019 आणि 2021 च्या महापुरांत शाहूपुरीत पाणी शिरले होते. वरून येणाऱ्या पाण्यापुढे प्लॅस्टिकचा उपयोग नाही. आपल्या गल्लीत तेव्हा पाणी आले असेल, तर चाचणी कोरडी निघाली तरी मी लॅमिनेट सुचवणार नाही. पाणी आले नसेल आणि चाचणीही कोरडी असेल, तर काम करून उरणारे 8,400 रुपये बचत खात्यातच राहू द्यावेत.