संगीत तंत्रज्ञानाला प्रवेश घेताय? आधी कान तपासून या

बारावीचा निकाल लागला की संगीत तंत्रज्ञानाच्या शिक्षणाबद्दल विचारणा वाढते, आणि दरवर्षी गोंधळ तोच असतो. म्हणून या वेळी नेहमीच्या प्रश्नांना एकत्र उत्तरं देतो आहे.

प्रश्न : मी कॉमर्सची विद्यार्थिनी. ध्वनिमुद्रण शिकायला सायन्स लागतंच का? (गडहिंग्लज)

उत्तर : कुठे शिकायचं आहे त्यावर ते ठरतं. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-दूरचित्रवाणी प्रशिक्षण संस्थेतला ध्वनिमुद्रणाचा मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे आणि बारावीला भौतिकशास्त्र असण्याची अट तिथे राहत आली आहे. (ती संस्था प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात उभी आहे आणि प्रभात १९२९ साली आपल्या कोल्हापुरातच सुरू झाली होती. इथल्या मुलांना हे ठाऊक असावं.) इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाचा टोनमाइस्टर हा ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम १९७० पासून चालतो, त्याला गणित आणि संगीत दोन्ही पक्कं लागतं. इतर बऱ्याच ठिकाणी कोणतीही शाखा चालते. पण प्रवेश मिळाला म्हणून गणित टळत नाही. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने का घेतात? माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांपर्यंत, ऐकू येतं आणि ते टिपायला दुपटीहून जास्त नमुने लागतात. हे कळलं नाही तर तीन वर्षं नुसती बटणं पाठ होतील. अकरावी-बारावीच्या पुस्तकातलं लॉगॅरिदम आणि तरंगांचं प्रकरण आत्ताच काढा. पात्रतेबद्दल मात्र त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचून प्रवेश कार्यालयात फोन करा. मित्राच्या दादाचं ऐकून अर्ज भरू नका.

प्रश्न : गाणं-वाजवणं काहीच येत नाही. चालेल का?

उत्तर : नाही. तबला, पेटी, गळा, काहीतरी एक आजपासून सुरू करा. १८८३ पासूनची देवल क्लब ही संगीतसंस्था कोल्हापुरात असताना गुरू कुठे शोधू, हा प्रश्नच पडायला नको.

प्रश्न : एका संस्थेत ‘साउंड इंजिनिअरिंगची आंतरराष्ट्रीय पदवी’ मिळते म्हणतात. दोन दिवसांत पैसे भरले तर फीत मोठी सवलत आहे. मुलासाठी भरावेत का? (एक वडील, इचलकरंजी)

उत्तर : दोन दिवसांत भरू नका. विचार करायला वेळ मिळू नये, एवढ्यासाठीच अशी मुदत घालतात. भारतात पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याचं २२वं कलम तेच सांगतं. खाजगी संस्थेचा डिप्लोमा वाईटच असतो असं नाही, चांगले शिक्षक तिथेही असतात. पण डिप्लोमाला पदवी म्हणून विकणं ही फसवणूक आहे. प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचं नाव असेल ते लेखी मागा, ते यूजीसीच्या यादीत शोधा. परदेशी नाव असेल तर ती पदवी इथे ग्राह्य धरतात का, याची चौकशी यूजीसीकडेच करा. मग मुलाला घेऊन स्टुडिओ पाहा आणि शिकून गेलेल्या दोघा-तिघांशी बोला. लेखी द्यायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा.

प्रश्न : सर, मी १९ वर्षांचा. तीन वर्षं गणपतीत डॉल्बीवर काम करतो. आता प्रवेश घेणार आहे. मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजते, या वेळी चार महिने झाले तरी गेली नाही. मित्र म्हणतात, कान तयार होतोय. (कोल्हापूर)

उत्तर : चार महिने! बाळा, हे पहिल्या आठवड्यात विचारायला हवं होतंस.

कान तयार वगैरे होत नसतो. आतल्या कानात केसांसारख्या नाजूक पेशी असतात, प्रत्येक कानात सुमारे १५,०००. मेलेल्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. आवाजाची सवय झाली असं ज्याला वाटतं, त्याला खरं तर कमी ऐकू येऊ लागलेलं असतं. ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास ही सुरक्षिततेची रूढ मर्यादा आहे. पुढच्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. मिरजकर तिकटीपासून पापाच्या तिकटीपर्यंत मिरवणूक सरकायला किती तास लागतात ते तुला माहीत आहे, आणि तू तर स्पीकरच्या भिंतीला खेटून उभा असतोस. कापसाचे बोळे घालून फारसं संरक्षण मिळत नाही. आणि घरच्यांनी लसणाचं गरम तेल घालायचं काढलं तर हात धरून थांबव.

मला हे इतकं टोचतं, कारण श्रवणचाचणीत माझ्या डाव्या कानाचा आलेख ४,००० हर्ट्झजवळ खाली गेला आहे. मोठ्या आवाजाचा पहिला घाव बहुधा तिथेच बसतो. शब्दातले ‘स’ आणि ‘श’, झांजेची धार हे सगळं त्याच टापूत आणि त्याच्या वर असतं. मिक्सिंग करताना मी आजही त्या कानावर विश्वास ठेवत नाही. आणि ज्या रे डॉल्बींचं नाव आपण त्या भिंतींना दिलंय, त्यांनी १९६५ साली कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी!

या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. आपल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही तो विभाग आहे. ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची चाचणी करून घे, आदला दिवस शांततेत काढ आणि अहवाल जपून ठेव. दरवर्षी त्याच्याशी तुलना करायची आहे. कधी एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ, उपचाराला दिवस मोजकेच असतात. आणि नीट बसणाऱ्या इअरप्लगशिवाय पुन्हा त्या भिंतीजवळ उभा राहू नकोस.

प्रश्न : राजारामपुरीत फ्लॅट आहे. मुलीच्या सरावाच्या खोलीला अंड्यांचे ट्रे की फोम लावू?

उत्तर : ट्रे नकोच, ते पेट घेतात. दोन्हींनी शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज थांबत नाही. १०० हर्ट्झची लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते, दोन इंची फोम तिचं काय बिघडवणार? फोम खोलीतला वरच्या पट्टीचा घुमारा तेवढा कमी करतो. आवाज अडवायला वजनदार भिंत आणि फटी बंद केलेलं दार लागतं. वजन वाढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. तोवर हेडफोन, आणि तेही हळू आवाजात.

प्रश्न : लॅपटॉप कोणता घेऊ?

उत्तर : आत्ता कोणताच नको. प्रवेश झाल्यावर विभागात कोणतं सॉफ्टवेअर शिकवतात ते विचारून घ्या. लॉजिक प्रो हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर लॅपटॉपपैकी फक्त मॅकवर चालतं.