फॉर्मिकोमस आणि अँथेलेफिला या भुंगेऱ्यांच्या दोन वेगळ्या प्रजाती आहेत का?

साताऱ्याजवळ उसाच्या पाचटाखाली सापडलेल्या मुंगीसारख्या भुंगेऱ्याला जुन्या पुस्तकात फॉर्मिकोमस आणि नव्या यादीत अँथेलेफिला म्हटले आहे, तर या प्रजाती दोन की एक, आणि त्या आपल्याकडे आढळतात का, असे आपण विचारले आहे.

प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस) एकच आहे. होप यांनी १८३३ मध्ये अँथेलेफिला हे नाव दिले होते. ला फर्ते-सेनेक्तेर यांनी १८४९ मध्ये फॉर्मिकोमस हे नाव दिले आणि दीर्घकाळ तेच रुळले. पुढे दोन्ही नावांखालचे कीटक एकाच प्रजातीचे ठरले, तेव्हा अग्रक्रमाच्या नियमाने आधीचे नाव टिकले. त्यामुळेच रॉसी यांनी १७९० मध्ये वर्णिलेली युरोपातील पेडेस्ट्रिस ही जाती तुम्हाला दोन्ही आडनावांनी भेटेल. लॅटिनमधील मुंगी ज्यात आहे ते जुने नाव मला अधिक बोलके वाटते, पण नियमापुढे आवडीचे काही चालत नाही.

मात्र आपला कीटक भुंगेराच आहे ना, हे आधी पाहावे. सांगलीत ओसरीवरच्या दिव्याखाली पडलेल्या किड्यांतून मी एकदा असाच एक मुंगी समजून झटकणार होतो. भिंगाखाली धरल्यावर दिसले की शृंगिका मुंगीसारख्या कोपरातून वाकलेल्या नव्हत्या, पोटावर दोन कठीण पंखांचे झाकण होते आणि चिंचोळेपण कमरेत नसून डोक्यामागच्या मानेत होते. पावलांचे खंडही मोजावेत: पुढच्या दोन जोड्यांत पाच-पाच आणि मागच्या जोडीत चार. वक्षावर पुढे आलेले शिंग असेल, तर तो याच अँथिसिडी कुलातील नोटॉक्सस होय.

या कुलात सुमारे ३,००० जाती असून ते जगभर पसरलेले आहे. अँथेलेफिलाचा मूळ प्रदेश मात्र आफ्रिका, दक्षिण युरोप, आशिया आणि ऑस्ट्रेलिया हा आहे. भारत त्यातच येतो, तेव्हा साताऱ्यात ती मिळण्यात नवल नाही. कुलातील काही जातींचे नर कँथॅरिडिनकडे, म्हणजे बाजरीवरच्या हिंग्यांच्या अंगातील दाहक द्रव्याकडे, ओढले जातात, हे जाता जाता सांगतो.

जाती ठरवायची असेल तर नर हवा, कारण त्याच्या पुढच्या पायाच्या मांडीवरील काटा किंवा उंचवटा जातीगणिक बदलतो. नुसत्या मादीवरून निर्णय करणे कठीण. पुढच्या पायाचा जवळून घेतलेला फोटो टाकल्यास पुढे पाहता येईल.