छापण्याआधी मुलाखत वाचायला मागता येते का?

मुलाखत देऊन आलेल्या एका वाचकाने हे विचारलं आहे. सगळी बातमी वाचायला मिळण्याचा हक्क तुम्हाला नाही. पण तुमच्या नावावर जाणारी वाक्यं आधी ऐकवा, अशी अट घालता येते. ती पहिल्या प्रश्नाच्या आधी घालायची. तुम्ही मुलाखत झाल्यावर फोन केलात आणि वार्ताहर ‘आमच्याकडे पद्धत नाही’ म्हणाला; तोवर तुमच्या हातात काही उरलं नव्हतं.

‘ऑफ द रेकॉर्ड’चंही तेच. बोलून झाल्यावर ‘हे छापू नका’ म्हटलं तर ती नुसती विनंती. माहिती छापायची का, माझे शब्द छापायचे का, माझं नाव छापायचं का, हे तिन्ही आधी वेगवेगळं ठरवा. नाहीतर यातलं काहीच छापणार नाहीत असं तुम्ही गृहीत धरता आणि वार्ताहर फक्त नाव गाळतो. शिवाय वार्ताहराने दिलेलं वचन संपादकांनाही मान्य आहे का, ते विचारा. अमेरिकेत १९८२च्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या प्रचारात असलेल्या डॅन कोहेन यांनी स्वतःचं नाव न छापण्याच्या अटीवर विरोधी उमेदवाराविषयीची कागदपत्रं दिली. वार्ताहरांनी कबूल केलं, दोन दैनिकांच्या संपादकांनी तरीही नाव छापलं आणि कोहेन यांची नोकरी गेली. अशा वचनभंगाची भरपाई मागायला वृत्तपत्रस्वातंत्र्य आड येत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते १९९१मध्ये.

बहुतेक घोळ डेस्कवर, म्हणजे कचेरीत बातमी कापून मथळा देणाऱ्यांकडे होतात. तुम्ही म्हणता, ‘पंप बंद होता, पण आम्ही आदल्या दिवशी कळवलं होतं.’ जागा कमी पडते, ‘पण’पासून पुढचं कापलं जातं आणि उरलेल्या अर्ध्याचा मथळा होतो. मथळा देणाऱ्या उपसंपादकाने तुम्हाला ऐकलेलंच नसतं. म्हणून महत्त्वाचं वाक्य ‘पण’शिवाय, एका दमात पूर्ण होईल असं बोला. सांगून स्वतःचंही रेकॉर्डिंग करा.

‘वाक्यं ऐकवली की पत्रकारिता विकली’ हे मला अजिबात पटत नाही. जर्मनीत प्रश्नोत्तरी मुलाखत छापण्याआधी ती देणाऱ्याच्या मान्यतेला पाठवण्याची रीतच आहे. नेते त्यात बोललेलं पुसून टाकतात, हे खरं. न्यूयॉर्क टाइम्सने २०१२मध्ये मुलाखतीनंतरची असली मान्यता बंद केली ती बातमीवर अशांचा ताबा नको म्हणूनच. पण मुरलेल्या नेत्यासाठीचा नियम आयुष्यात एकदाच वार्ताहरासमोर बसलेल्या माणसाला लावणं हा अन्याय आहे. अवतरणचिन्हांतलं वाक्य फोनवर वाचून दाखवायला दोन मिनिटं लागतात.

आता चुकीचं छापून आलंच असेल तर संपादकांना लेखी कळवा: तारीख, पान, छापलेलं वाक्य, त्याखाली तुमचं मूळ वाक्य. खुलासा छापील अंकात मागा आणि वेबवरची बातमीही दुरुस्त करायला सांगा. मात्र तुम्ही खरंच बोललेलं वाक्य आता अडचणीचं वाटतंय, एवढ्यासाठी खुलासा मागू नका.