मस्कतहून रात्री दीडला मुंबईत टी-२ ला उतरतोय, पुढे चिपळूणला ट्रेनने जाऊ की बसने?

नोव्हेंबरात येताय, बरोबर आईबाबा आणि चार मोठ्या बॅगा असं तुम्ही लिहिलंय म्हणून त्या हिशोबाने सांगते. माझं माहेर चिपळूणचं आणि आम्ही राहतो दोह्याला, त्यामुळे ही कसरत बऱ्याचदा झालीये.

बस डोक्यातून काढून टाका. कोकणातल्या खाजगी गाड्या रात्री आठ ते अकराच्या दरम्यान मुंबई सोडतात, तुम्ही उतराल तेव्हा त्या माणगावच्या आसपास असतील. सकाळची एसटी पकडायची तर बॅगा घेऊन आधी बोरिवली नाहीतर मुंबई सेंट्रल गाठा, आणि मग तो मुंबई-गोवा हायवे, ज्याचं काम कधीपासून चाललंय ते मी काय सांगू. आईबाबांच्या कमरेचा विचार करा.

ट्रेनमध्ये तुमच्या वेळेला सोयीच्या दोन, जनशताब्दी सीएसएमटीहून पहाटे ५:१० ला आणि मांडवी ७:१० ला. (वंदे भारत पण पहाटेच आहे पण ती चिपळूणला थांबत नाही, खेडला उतरावं लागतं.) आणि दोन्ही गाड्या ठाण्याला थांबतात, त्यामुळे सीएसएमटीला जायचंच नाही! सगळे सवयीने तिकडे जातात, म्हणजे आधी उलटं दक्षिणेला जायचं आणि मग त्याच गाडीत बसून परत वर ठाण्याला यायचं. टी-२ वरून ठाणे पहाटे टॅक्सीने पाऊण तास धरा. फक्त तिकीट काढतानाच बोर्डिंग ठाणे टाका, नाहीतर तुम्ही सीएसएमटीला चढला नाहीत म्हणून टीसी सीट दुसऱ्याला देऊन टाकेल आणि मग तुम्ही भांडत बसाल.

आता जनशताब्दी की मांडवी. दीडला लँड झालात म्हणजे दीडला बाहेर आलात असं नसतं, इमिग्रेशनची लाइन, बेल्ट, वॉशरूम, आईबाबा बरोबर असले की दोन तास सहज. तरी कागदावर जनशताब्दी मिळते, ठाण्याला ती साधारण पावणेसहाला येते. मी पण असाच हिशोब केला होता एका गणपतीत, फ्लाइट पण वेळेवर आली होती, पण बेल्टवर बॅगाच येईनात, सव्वा तास, आणि माझी बॅग शेवटून दुसरी. ठाण्याच्या ब्रिजवर पोचले आणि खालून गाडी सुटताना बघितली. मग मांडवीच्या जनरल डब्यात, गणपतीची गर्दी, बॅगेवर बसून चिपळूण. तेव्हापासून रात्रीची फ्लाइट असेल तर मांडवीच. दोन तास जास्त थांबावं लागतं पण जीव टांगणीला लागत नाही, आणि त्या गाडीतलं खाणं इतकं चांगलं असतं की आमच्या घरात मुद्दाम उपाशी चढतात.

तो वेळ एअरपोर्टच्या आतच काढा, ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर नको. कस्टमच्या पुढे प्रीपेड टॅक्सीचे काउंटर आहेत तिथे चहा मिळतो, बसता येतं. एकदा दाराबाहेर पडलात की परत आत सोडत नाहीत हे लक्षात ठेवा. साडेपाच-सहाला निघा. चार बॅगा आणि तीन माणसं म्हणजे मोठीच गाडी सांगा, साध्या टॅक्सीत सीएनजीची टाकी डिकी खाऊन टाकते.

रात्री मेट्रो बंद असते, ती तुम्हाला परतीला कामाची. आता टी-२ ते सीएसएमटी सरळ जाते, म्हणून दुपारी उतरणाऱ्यांनी तिने जाऊन रात्री ११:०५ ची कोकणकन्या घ्यावी. तुतारी दादरहून मध्यरात्री १२:०५ ला सुटते, तिच्या तारखेत भलेभले फसतात, शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारचं काढायचं.

बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, दिवाळीनंतरचे दिवस असतील तर त्याच सकाळी बसा. चिपळूण स्टेशन वालोप्याला आहे, गावापासून थोडं लांब, एका रिक्षात तुम्ही सगळे मावणार नाही, तेव्हा घरच्या कोणाला तरी गाडी घेऊन यायला सांगून ठेवा.