कोचकडे जाऊ की डॉक्टरांकडे? पाच पत्रं, पाच उत्तरं

मी व्यक्तिगत कोचिंग करते आणि त्यात कॅमेराही वापरते, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच शंका होती: हे समुपदेशन आहे का, उपचार आहेत का, की तिसरंच काही? त्यातली पाच पत्रं घेतली आहेत. आधी पत्र, त्याखाली माझं उत्तर. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

मी 38 वर्षांची. नाशिकला एका खासगी बँकेची शाखा सांभाळते. बँकेनं मला सहा बैठकांसाठी कोच दिला आहे. जाऊबाई म्हणतात, त्यापेक्षा चांगल्या समुपदेशकाकडे जा. दोन्हींत फरक काय?

आपल्याकडे कोचिंग म्हटलं की दहावी-बारावीचा क्लास आठवतो, नाहीतर मैदानावरचे क्रिकेटचे सर. त्यातले सर इथे कामाचे आहेत. नेटमध्ये ते तुमचे पाय कुठे पडतात ते बघतात, तोच चेंडू पुन्हा खेळायला लावतात. पण खांदा निखळला तर खेळ थांबवून डॉक्टरांकडे पाठवतात. खांदा स्वतः बसवायला जात नाहीत.

समजा तुम्ही म्हणालात, "हाताखालच्या लोकांशी माझं बोलणंच होत नाही." कोच विचारेल, परवाच्या मीटिंगमध्ये नेमकं कुठलं वाक्य तोंडात अडकलं? कोणासमोर? पुढच्या सोमवारी त्याऐवजी काय बोलून बघाल? आठवडाभरानं तुम्ही परत याल, आणि जे घडलं त्यावर पुढचं काम होईल. पण कोणी आवाज चढवला की तुमच्या छातीत धडधडतं, हात गार पडतात, रात्रभर तेच डोक्यात फिरत राहतं, असं असेल तर त्या त्रासाकडे आधी बघायला हवं. ते काम समुपदेशकाचं किंवा मानसशास्त्रज्ञाचं.

"उपचार भूतकाळावर काम करतात, कोचिंग भविष्यावर" हे वाक्य तुम्हाला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल. मला ते पटत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती तुमच्या आजच्या विचारांवरच काम करते. उलट कोचलाही कधीतरी मागचं विचारावं लागतं. मी फरक दुसरीकडे बघते. त्रास झोपेत, जेवणात, रोजच्या कामात, घरच्या माणसांत शिरला आहे का? शिरला असेल तर जाऊबाईंचं ऐका. नसेल तर कोचकडे निर्धास्त जा.

एक मात्र पहिल्याच बैठकीत विचारा. पैसे बँक देते आहे, तर बँकेला काय कळवलं जाणार? किती बैठका झाल्या एवढंच, की तुम्ही बोललात तेही? उत्तर लेखी घ्या.

वय 27, कोल्हापूर. गेले तीन महिने कशात मन लागत नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. तालमीत जाणं सुटलं. कामावर सारख्या रजा पडतात. मला शिस्त लावणारा कोच हवा आहे, फी देऊ शकतो.

मी तुम्हाला घेणार नाही, आणि कोणी चांगला कोच घेणार नाही. राग मानू नका.

जवळजवळ रोज, दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहणं किंवा कशातच रस न वाटणं, सोबत झोप आणि भूक बिघडणं, कामं अडणं, ही नैराश्याच्या आजाराची लक्षणं असू शकतात. तुमचे तर तीन महिने झाले. तुम्ही याला आळस समजून शिस्त शोधताय. अशा वेळी कोचनं पहाटे पाचला उठायचं वेळापत्रक हातात दिलं, तर चौथ्या दिवशी ते मोडेल, आणि "आपल्याला एवढंही जमत नाही" हे ओझं तुमच्या डोक्यावर वाढेल. अशी थकून आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी पैसे घालवले होते आणि वेळही, आणि वेळच जास्त महाग पडला होता.

मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ते थायरॉईडची वगैरे रक्ततपासणीही सांगतील, कारण कधीकधी मूळ तिथे असतं. सरकारी दवाखाना चालत असेल तर तुमच्या कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. "वेडाचा डॉक्टर" म्हणणारं कोणी भेटलं तर त्याला पहाटे तीनला तुमच्या शेजारी बसवा. ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, नंबर 14416. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. मरून जावं असं एकदा जरी मनात आलं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा, आत्ता फोन लावा आणि घरातल्या एकाला सांगा.

बरं वाटू लागल्यावर, तालमीत पुन्हा कसं जायचं यासाठी कोच हवासा वाटला तर जरूर या. औषधं चालू असली तरी हरकत नाही. फक्त डॉक्टरांना सांगून या आणि गोळ्या मनानं बंद करू नका. कोणा कोचनं बंद करायला सांगितल्या, तर त्या कोचकडे पुन्हा जाऊ नका.

मुलाला एक "लाईफ कोच" महिना मोठी रक्कम सांगतो. भिंतीवर प्रमाणपत्रं बरीच आहेत. खरं-खोटं कसं ओळखायचं? (एक वडील, ठाणे)

भारतात कोच म्हणवून घ्यायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. उद्या सकाळी कोणीही पाटी लावू शकतं. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. मानसोपचारतज्ज्ञ तर एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात पदव्युत्तर शिकलेले डॉक्टर असतात. उपचार घेणाऱ्याच्या गुप्ततेला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं संरक्षण आहे. कोचच्या बाबतीत मात्र तुमच्यात जो करार होईल तेवढाच आधार.

1995 मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था कोचना श्रेणी देते. त्यातल्या पहिल्या श्रेणीला 60 तासांचं प्रशिक्षण आणि 100 तासांचं प्रत्यक्ष काम लागतं, पुढच्या श्रेणीला 125 आणि 500 तास. कोणत्या श्रेणीचे आहात ते विचारा. पण मी तुमच्या जागी असते तर याहून एकच प्रश्न आधी विचारला असता: "गेल्या वर्षभरात तुम्ही किती जणांना दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवलंत?" एकालाही नाही, असं उत्तर आलं तर चहा पिऊन उठा.

रत्नागिरीहून लिहिते, वय 63. यांना जाऊन सात महिने झाले. लेकीनं मला ऑनलाइन "फोटोग्राफीतून कोचिंग" लावून दिलंय. मला मोबाईलवर फोटो काढता येतात, एवढंच. यातून काय होणार?

ताई, मोबाईल पुरे आहे. फोटो चांगला यायलाच हवा असंही नाही.

मी काय करते ते सांगते. एका गृहस्थांना (त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे) नोकरी सोडून दुकान टाकायचं होतं, पण दोन वर्षं पाऊल उचलत नव्हतं. मी त्यांना घरातली एक जागा निवडून सात दिवस, रोज वेगळ्या वेळी, तिथूनच एक फोटो काढायला सांगितला. सातही फोटोंच्या पोस्टकार्डाएवढ्या प्रती काढून त्या टेबलावर ओळीनं मांडल्या. मी दोनच प्रश्न विचारले: कुठे उभं राहून काढले? चौकटीबाहेर काय राहिलं? बराच वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, "पाच फोटोंत माझ्याच चपला आल्यात की हो." दारातून बाहेर बघत काढलेले फोटो, आणि खाली कडेला काढून ठेवलेल्या चपला. मी त्यावर काहीही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात चपला घालून, ज्या गाळ्याचा विचार होता त्याचे फोटो रस्त्याच्या पलीकडून काढायचे ठरलं. तिथे उभं राहिल्यावर त्यांना शटरच्या तळाशी पावसाच्या पाण्याची रेघ दिसली, गुडघ्याएवढी. त्यांनी तो गाळा घेतला नाही. आता दुसरा बघताहेत.

फोटो बघताना आपण जे बोलायचं ठरवलेलं नसतं, ते तोंडून निघतं. म्हणूनच हे साधन जपून वापरावं लागतं. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जूडी वायझर यांनी यात एक रेघ आखली आहे, ती मी पाळते. प्रशिक्षित उपचारकानं उपचाराचा भाग म्हणून फोटो वापरले तर ती फोटोथेरपी. माणूस स्वतःला समजून घ्यायला आपला आपण कॅमेरा उचलतो, ते वेगळं. ब्रिटिश छायाचित्रकार जो स्पेन्स यांना 1982 मध्ये स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या आजारपणाचे, उपचारांचे फोटो काढले. रुग्ण म्हणून आपल्याकडे दुसरे बघतात, तसं आपणही आपल्याकडे बघावं म्हणून. कोचिंग या दुसऱ्या वाटेच्या जवळचं आहे.

तुमचं दुःख हा आजार नव्हे. सात महिने म्हणजे काही फार नव्हेत. सकाळ कशी भरायची, एकटीसाठी किती भात लावायचा, कोणाकडे जायचं, असे पुढचे दिवस मांडायला हे कोचिंग कामी येईल. पण कोचनं पहिल्याच बैठकीत यांचा जुना अल्बम मागितला तर "आत्ता नको" म्हणा. तो कधी उघडायचा हे तुम्ही ठरवायचं. आणि दिवसेंदिवस उठवतच नाही, जेवण जात नाही, असं होऊ लागलं तर लेकीला सांगून डॉक्टरांकडे जा.

मी फोंड्याचा छायाचित्रकार. हौसेनं अशा कार्यशाळा घेतो. गेल्या रविवारी एका मुलीनं घरच्या विहिरीचा फोटो आणला. त्याबद्दल सांगताना ती थरथरायला लागली. मी तिला "बोल, मोकळी हो" म्हणत राहिलो. चुकलं का?

हो, चुकलं. पण तुम्ही विचारताय, म्हणजे सावरता येईल.

अशा क्षणी फोटो पालथा ठेवायचा. पाणी द्यायचं, पाय जमिनीला टेकवून बसायला सांगायचं, खोलीत दिसणाऱ्या वस्तूंची नावं घ्यायला सांगायची. बाकीच्यांना चहाला पाठवायचं. विहिरीपाशी काय घडलं ते आपण उकरायचं नाही. उकरलेलं परत बुजवायचं शिक्षण तुम्ही घेतलेलं नाही, मीही नाही. मी अशा वेळी थांबते आणि ओळखीच्या मानसशास्त्रज्ञांचा नंबर देते. तो नंबर कार्यशाळेच्या आधीच खिशात असायला हवा.

आज त्या मुलीला फोन करा. रविवारनंतर कशी आहेस, झोप लागते का, हे विचारा. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटी राहू देऊ नका. घरातलं विश्वासाचं कोणी तिच्याजवळ येईपर्यंत फोन सोडू नका, आणि गोव्यातल्या बांबोळीच्या मनोरुग्ण संस्थेत तिच्यासोबत कोण जाईल ते त्याच फोनवर ठरवा. नाही म्हणाली तरी 14416 हा नंबर द्या आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन करा.

आणि तो विहिरीचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये असेल, तर तिला विचारल्याशिवाय कुठेही लावू नका, कार्यशाळेच्या ग्रुपवरही नाही.