खांद्याचं हाड नेमकं कोणतं? आणि ते चोळावं का?

ताई, तुमचा १९ वर्षांचा भाचा तालमीत ढाक या कुस्तीच्या डावात उजव्या खांद्यावर आपटला. वस्ताद म्हणतात, "वाटी सरकलीय, तेल लावून बसवू." एक्स-रेत मात्र गळ्याकडचं आडवं हाड मधे मोडलेलं दिसतंय. मग खांद्याचं हाड कोणतं आणि चोळायचं का, हे तुम्ही विचारलंत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: चोळू देऊ नका. वस्तादांना दुखवायचं नसेल तर पुढचं सगळं त्यांनाच वाचून दाखवा. मी ३० वर्षं कोल्हापुरात फिजिओथेरपी करतोय, तालमीतली पोरं रोज बघतो.

खांदा नावाचं एक हाड नसतं. छातीच्या मधल्या हाडापासून खांद्याच्या टोकापर्यंत आडवी जाते ती हासळी, म्हणजे कॉलरबोन. पाठीवर साधारण दुसऱ्या बरगडीपासून सातवीपर्यंत पसरलेलं तिकोनी पातं, तो खवाटा. खांद्याची मेखला म्हणतात ती या दोघांची. दंडाचं हाड तिला येऊन मिळतं.

आता मुख्य गोष्ट. खवाटा बरगड्यांना कुठल्याही सांध्याने जोडलेला नाही. तो स्नायूंच्या गादीवर तरंगतो, स्नायूच त्याला चारी बाजूंनी ओढून धरतात. म्हणजे अख्ख्या हाताची धडाशी हाडाने हाडाला गाठ एकाच ठिकाणी पडते: हासळीचं आतलं टोक छातीच्या हाडाला टेकतं तिथे. गळ्याच्या खळगीशेजारी बोट ठेवा आणि तो हात हळूहळू वर न्या. बोटाखाली हाड फिरताना जाणवेल.

बेंदराला बैल धुताना त्याच्या पुढच्या पायाकडे कधी नीट बघा. बैलाला हासळी नसतेच. त्याचा पुढचा पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेला असतो, म्हणून तो मुख्यतः पुढे-मागे चालतो. आपल्याला आणि माकडाला हासळी आहे. ती हाताला छातीपासून बाजूला धरून ठेवते, म्हणून मल्लखांबावर चढता येतं आणि गदा डोक्यामागून फिरवता येते. भर पावसात छत्रीची काडी मोडली की कापड आत येतं ना, तसंच हासळी मोडली की खांदा खाली आणि आत येतो. आतला तुकडा मानेचा स्नायू वर ओढतो, बाहेरचा हाताच्या वजनाने खाली जातो. तुमचा भाचा दुसऱ्या हाताने कोपर उचलून धरून बसला असेल. हे वजन तोलायलाच शरीर ते करतं.

मधेच का मोडतं? हासळी सरळ नसते, तिला दोन वळणं असतात. जिथे एक वळण संपून दुसरं सुरू होतं ती जागा कमजोर, आणि खांद्यावर पडलं की सगळा धक्का तिथूनच छातीकडे जातो. (हे हाड आईच्या पोटात सगळ्यांत आधी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, घट्ट व्हायला लागतं आणि त्याचं आतलं टोक सगळ्यांत शेवटी, विशीनंतर, जुळतं. त्यामुळे या वयात मार आतल्या टोकाला असता तर वेगळा विचार करावा लागला असता.)

वस्तादांची 'वाटी' खवाट्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात असते. खरं तर ती वाटी नाही, उथळ बशी आहे. दंडाचा मोठा गोळा तिच्यात जेमतेम टेकतो. म्हणून हात सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच हा सांधा इतका निखळतो. तो निखळला तर खांद्याची गोलाई जाऊन कोपरा चौकोनी दिसतो. हासळी मोडली तर उंचवटा वर, हाडावरच दिसतो. वस्तादांची चूक इथे होते, कारण दोन्हींत हात उचलत नाही. पण निखळलेला सांधासुद्धा आधी एक्स-रे काढून डॉक्टरांनीच बसवायचा असतो.

चोळायचं का नाही, तर हासळीच्या अगदी खालून हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आणि नसांचा जुडगा जातो. मोडक्या टोकावर अंगठा दाबणं म्हणजे ते टोक त्यांच्यात रोवणं.

खासबागेच्या कुस्ती मैदानात पंच जिंकलेल्या पैलवानाचा हात वर करतात तेव्हा १८० अंशांपैकी साधारण १२० दंडाच्या सांध्यातून येतात आणि ६० खवाटा फिरल्यामुळे. हाड जुळल्यावर बहुतेक पोरं दंडाचाच व्यायाम करतात, खवाटा तसाच ढिला राहतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी खांद्यात कळ येते. तेव्हा जोर सुरू करायच्या आधी भिंतीला हात लावून खवाटा पुढे-मागे सरकवायचा व्यायाम शिकून घ्या. गदा त्याच्याही नंतर.

सध्या हाडांच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: तुकडे एकमेकांवर किती चढलेत, आणि झोळीवर भागेल की ऑपरेशन करून धातूची पट्टी बसवावी लागेल. बोटं बधिर किंवा गार पडली, किंवा उंचवट्यावरची कातडी पांढरट ताणलेली दिसली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच रात्री घेऊन जा.