भिजलेला ब्लाउज काय सांगतो

(पत्राचा सारांश: मुलगी एकवीस दिवसांची आहे. बाळंतपणासाठी सांगलीला माहेरी आले आहे. ‘तुला दूध पुरत नाही, माहेरी नीट खायला घालत नाहीत,’ असे सासूबाई रोज पुण्याहून फोनवर सुनावतात. आई बिचारी अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी सगळे करते; शिवाय मला झोप मिळावी म्हणून रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंत बाळाला स्वतःजवळ घेते आणि बाटलीने पावडरचे दूध पाजते. पहाटे ब्लाउज भिजलेला असतो, पण दिवसा छाती मऊ लागते आणि संध्याकाळी बाळ सारखे रडते. जन्माच्या वेळी वजन २ किलो ९०० ग्रॅम होते, परवा ३ किलो १५० ग्रॅम भरले. सासूबाईंना काय उत्तर देऊ?)

तुझ्या चार पानांतली साडेतीन पाने सासूबाईंवर खर्च झाली आहेत, आणि पहाटे ब्लाउज भिजतो हे मात्र तू जाता जाता अर्ध्या वाक्यात उरकले आहेस. मला त्या अर्ध्या वाक्याबद्दलच बोलायचे आहे, कारण दूध येत नसलेल्या बाईचा ब्लाउज भिजत नाही. दूध येते आहे. ते प्यायला रात्री बाळ तुझ्याजवळ नसते, एवढेच.

दूध किती तयार व्हायचे हे मुख्यतः छाती किती वेळा आणि किती रिकामी होते यावर ठरते. बाळ ओढते तेव्हा आईच्या रक्तात प्रोलॅक्टिन वाढते, त्यातून पुढचे दूध बनते, आणि या संप्रेरकाची पातळी रात्री अधिक असते. उलट, दूध आत साचून राहिले की शरीर ते बनवण्याचा वेग कमी करते. नवजात बाळाला चोवीस तासांत साधारण आठ ते बारा वेळा पाजावे लागते. त्यातले सलग सात तास, आणि तेही रात्रीचे, तुझ्या घरात रोज बाद होत आहेत. हे असेच चालू राहिले, तर आज जे दूध पहाटे वाहून जाते ते काही आठवड्यांत खरोखरच आटू लागेल आणि सासूबाईंचे म्हणणे खरे ठरेल.

तू आईला ‘बिचारी’ म्हणतेस. तिची माया मला दिसते, पण तुझे दूध कमी करणारी गोष्ट या घडीला तीच करते आहे, आणि हे तिला कोणीतरी स्पष्ट सांगायलाच हवे. पावडरच्या ज्या डब्यातून ती रात्री दूध कालवते, त्यावर आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम आहे अशी सूचना छापणे १९९२ च्या कायद्याने बंधनकारक केले आहे. ती तिला वाचून दाखव. खीर आणि लाडू आवडीने खा, अंगात शक्ती यायला ते चांगलेच आहेत, पण रात्रीच्या पाजण्याची जागा ते घेऊ शकत नाहीत. मऊ छाती आणि संध्याकाळचे रडणे यांनी घाबरू नकोस. दूध सुरळीत येऊ लागले की छाती मऊ लागणे स्वाभाविक आहे, आणि या वयाची पुष्कळ बाळे संध्याकाळी किरकिरतात व सारखी छातीशी येऊ पाहतात. त्या वेळी त्यांना घ्यावे.

तेव्हा आज रात्री बाळाचे अंथरूण तुझ्या पलंगाला लागून घाल. ते तोंड चाळवू लागले, मूठ चोखू लागले की उचल. रडेपर्यंत थांबू नकोस. ढेकर काढणे, लंगोट बदलणे, पुन्हा झोपवणे ही कामे आईने करावीत, आणि दुपारी बाळ झोपले की तुलाही झोपू द्यावे, मग घरात कोणीही पाहुणे आलेले असोत. पहिल्या काही रात्री तुझे हाल होतील. तरीही बाळ आईकडे परत देऊ नकोस.

सासूबाईंना उत्तर तू देऊच नकोस. पुढचा महिनाभर त्यांचे फोन तुझ्या नवऱ्याने घ्यावेत. तुझ्या पूर्ण पत्रात त्याचा एकदाही उल्लेख नाही, हेही मला खटकले आहे.

पावडरचे दूध किती आणि कसे कमी करायचे, हे उद्याच बालरोगतज्ज्ञांना विचार आणि बाळ छाती नीट धरते का तेही त्यांना दाखव. दिवसभरात सहा किंवा अधिक लंगोट ओले होतात का ते मोज, आठवड्याने वजन कर. लंगोट कमी भिजले, बाळ सुस्त वाटले किंवा दूध ओढेनासे झाले, अथवा तुला ताप येऊन छातीचा एखादा भाग लाल आणि दुखरा झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.